सरसाचे लाडू

चतुराबाईच्या हातचा लाडू पाहून पहिल्यांदा फसला तो तिचाच नवरा. मच्छिंद्र मास्तर शाळेतून दमून आले. कोनाड्यातल्या ताटलीत बुंदीचे पाच लाडू दिसले, तसा हात न धुताच त्यांनी एक उचलला आणि तोंडाशी नेला. चतुराबाई चुलीपासून ओरडली, "अहो, भुसा हाय तो!"

मास्तरांनी लाडू उलटासुलटा करून पाहिला, नखानं खरवडला, नाकाशी धरला आणि तोंड वाकडं करून परत ठेवून दिला. "दिसायला एक नंबर," ते म्हणाले, "पण वास कशाचा म्हणायचा हा?"

वास सरसाचा होता, सुतार लाकूड जोडायला वापरतात त्या चिकाचा. भोकरदनच्या सुतारानं दिलेल्या गुळाच्या ढेपेसारख्या दिसणाऱ्या तुकड्यांचा. रात्रभर भिजवायचे, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवायचे, आणि त्या चिकात लाकडाचा भुसा मळून गोळा वळायचा. वरून पिवळ्या रंगात घोळवलेली ज्वारी एकेक दाणा करून चिकटवायची, की झाली बुंदी. वर मेणाचा हात फिरवला की तुपाची चकाकी. चतुराबाईनं ही विद्या जालन्याला शिवणक्लास करताना उचलली होती. तिथल्या उषाबाई शनिवारी शिवण बाजूला ठेवून बायकांना 'शोकेसची मिठाई' शिकवायच्या. साबणाचा चुरा आणि प्लास्टर कालवून बर्फी, सुतळीला मेणात बुडवून जिलबी, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद म्हणजे वर्ख. त्या दोन-तीन वर्षांत तलाठ्यापासून कंपाउंडरपर्यंत ज्याच्या त्याच्या घरी काचेचं कपाट आलं होतं आणि कपाटात ठेवायला काहीतरी लागायचंच. मास्तरांच्या घरी कपाट नव्हतं. कोनाडा होता. मास्तरांनी त्याला जुन्या तसबिरीची काच बसवून दिली आणि भीमनगरातल्या बायका ते बघायला दिवसभर येत राहिल्या.

एकट्या साळूबाईनं त्या कोनाड्याकडे पाठ केली. साळूबाई म्हणजे मास्तरांची आई. साठीची, काटक, दोन वाक्यांत माणसाला गप्प करणारी.

"आत्याबाई, बघा तरी," चतुराबाई म्हणाली.

"बघितलं. वासबी घेतला. ह्यो वास मी वळखते, पोरी." म्हातारी उंबऱ्यावर बसली होती, तिथून हलली नाही. "लग्न होऊन आले तवा गावातल्या मालक लोकांचा बैल मेला, की आमच्या घरचे चौघं तो वढत न्यायचे. कातडं निघायचं. हाडं येगळी व्हायची. व्यापारी गाडी घिऊन यायचा न् समदं भरून न्यायचा. त्याचंच शिजवून हे करत्यात. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपण ते सोडलं. तुझ्या सासऱ्यानं मार खाल्ला त्यापायी. न् तू सुताराकडून इकत आनून चुलीवर ठिवलं!"

"मला काय ठाव, आत्याबाई!"

"आता ठाव झालं की." आणि थोड्या वेळानं, "न् खायचं न्हाई तर करायचं कशाला? दुस्काळात रेशनच्या मिलो जवारीच्या भाकरीला तरसलो आपण. खोटे लाडू बघून पोट भरतंय का?"

चतुराबाईला हे झोंबलं. पण हाताला लागलेली कला अशी एकदम सुटत नाही. तिनं सरसाचं भांडं घराबाहेर बाभळीखाली नेलं, तिथं तीन दगडांची चूल मांडली, आणि काम चालू ठेवलं. वासाचं मात्र व्हायचं ते झालं. एकदा कळल्यावर तो तिच्याही नाकातून जाईना.

ही गोष्ट शहात्तर सालची. केदारखेड्यात साहेबरावांच्या घरी लग्न निघालं. साहेबराव गावातले जुने जमीनदार, पूर्णेकाठी त्यांचा मळा. त्यांची धाकटी शिवकन्या जालन्याच्या मोठ्या घरात दिली होती. तिची आई चांगुणाबाई एरवी भीमनगरच्या वाटेनं पाऊल टाकत नसे. त्या दिवशी दुपारी मात्र ती स्वतः आली. आत नाही आली, बाभळीखाली उभी राहिली.

"काय गं मास्तरीणबाई, तुझे लाडू लय गाजून राह्यलेत गावात. बघू दे की."

चतुराबाईनं ताटली बाहेर आणली. चांगुणाबाईनं पदर नाकाला लावला. सरस उकळत होता. पण डोळे मात्र ताटलीवरून हलेनात. तिनं वाकून, हात न लावता, एकेक नग पाहिला.

"पोरीच्या रुकवतात मांडायचे हायेत. एकवीस जिन्नस पाहिजेत. जालन्याची माणसं हायेत ती, त्यांनी बघितलं न् फसली पाहिजेत. तुला चांगलं लुगडं नेसवीन."

"करते की. पण बाई, खरंच करा ना रुकवतात. शंभर बायका हायेत तुमच्याकडं."

"खऱ्याला मुंग्या लागतात, वास मारतं, फुटतं. आजकाल असंच मांडतेत समदे." मग आवाज थोडा खाली आणून चांगुणाबाई म्हणाली, "न् तुझ्या हातचं खरं असतं तर मी सांगायला आले असते का? हे खायचं न्हाई म्हणून तर चालतंय."

हे ती रागानं बोलली नाही, उपकारानंही नाही. उद्या ऊन पडेल म्हणावं तसं बोलली. चतुराबाईला राग यायला दोन दिवस लागले, आणि तोवर ती हो म्हणून बसली होती.

काम साहेबरावांच्या गोठ्यालगतच्या पडवीत करायचं ठरलं. रुखवत नवरीच्या घरी तयार झालं असं म्हणता आलं पाहिजे, हा चांगुणाबाईचा हिशोब. चतुराबाई रोज सकाळी भुशाचं पोतं, प्लास्टर, मेण, रंगाच्या पुड्या आणि इनॅमलची एक वाटी घेऊन जायची. एका बाजूला म्हशींचं शेण, एका बाजूला सरसाचं पातेलं. फाल्गुनातलं ऊन वर चढलं की दोन्ही वास एकात मिसळून पडवीत उभे राहायचे. माश्यांचं एक तिला फार लागलं. माश्या पातेल्यावर घोंघावत यायच्या, सांडलेल्या थेंबावर गोळा व्हायच्या, पण तयार झालेल्या लाडवावर एकही बसायची नाही. माणूस फसायचा, माशी नाही.

पहिल्या दिवशी दुपारी चांगुणाबाई चहाची किटली घेऊन पडवीच्या कडेला आली. चतुराबाई हात पुसून उठली. कप दिसेना.

"ती वाटी हाय की तुझी," चांगुणाबाई म्हणाली.

वाटीच्या तळाशी प्लास्टर वाळून पांढरं झालं होतं. कडेला सरसाचा पिवळा ओघळ. चतुराबाई वाटीकडे पाहत राहिली, आणि चांगुणाबाईनं वरून, हातभर अंतर ठेवून, बरोबर धार सोडली. एक थेंब बाहेर गेला नाही. सरावाचा हात होता.

"घे जल्दी, निवतोय," असं म्हणून ती गेली.

चहाच्या वाफेत सरस मऊ होऊ लागला होता आणि चहावर एक तेलकट साय धरत होती. ती थोडा वेळ वाटी हातात घेऊन उभी राहिली. मग खाली बसली आणि तो चहा बालूशाहीच्या प्लास्टरमध्ये ओतून दिला. रंग असा सुरेख आला, की बालूशाही तुपात तळून काढल्यासारखी दिसायला लागली. पुढचे सगळे दिवस तिनं तेच केलं. एकविसातले चार जिन्नस साहेबरावांच्या घरच्या चहावर रंगले.

शिवकन्या मात्र वेगळी वाटली. एकोणीस-वीस वर्षांची, दहावीपर्यंत शिकलेली, मास्तरांच्याच हाताखालून गेलेली. तिसऱ्या दिवसापासून ती पाट घेऊन पडवीत येऊन बसायला लागली.

"वहिनी, मला शिकवा ना. सासरी म्हणतील तू केलं ना, मंग करून दाखव. तवा काय करू?"

"हात घाण होतील तुमचे."

"होऊ द्या."

आणि तिनं खरंच हात घातले. भुसा मळला, ज्वारीचे दाणे चिकटवले, सुतळीची जिलबी वळताना दोघींची बोटं एकमेकींत अडकली तेव्हा खळखळून हसली. चतुराबाईनं तिला पेढ्यावर अंगठ्याचा ठसा कसा उठवायचा ते दाखवलं. शिवकन्येचा ठसा खोल जायचा, पेढा चिरायचा.

"हलक्या हातानं. खोटं असलं तरी पेढाच हाय तो."

"तुमच्यासारखं न्हाई जमत, वहिनी."

आई अंगणात आली की शिवकन्या पाट मागे सरकवायची, हे चतुराबाईला दिसायचं. पण लग्नाची पोर, आईच्या धाकात असणारच, असं तिनं मनाशी म्हटलं. घरी आल्यावर ती राखेनं कोपरापर्यंत हात घासायची. तरी भाकरी मोडताना बोटांना तो वास यायचा आणि तोंडाशी आलेला घास ती परत ताटात ठेवायची. साळूबाई बघायची. एके दिवशी तिनं कडुलिंबाचा पाला उकळलेलं पाणी सुनेपुढं ठेवलं.

अकरा दिवसांत एकवीस जिन्नस झाले. मोतीचूर, बेसनाचे, करंज्या, अनारशावर खसखशीच्या जागी बारीक वाळू, दुधाच्या बर्फीवर चंदेरी कागद. पाहून साहेबरावसुद्धा बोलले, "वा! मास्तरीणबाई, तोंडाला पाणी सुटलं." चतुराबाईनं त्यांना आणि चांगुणाबाईला दोघांनाही बजावलं, "लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. पोटात गेलं तर बाधंल."

लग्नाच्या दिवशी तिला बोलावणं नव्हतं. पण सकाळीच साहेबरावांचा गडी धावत आला. बर्फीचा कोपरा मांडताना उडाला होता, जल्दी चला. ती प्लास्टरची पुडी पदरात बांधून गेली. मांडवाच्या मागच्या बाजूनं, कनातीच्या आडून तिला आत घेतलं. तिनं वाकून कोपरा जोडला, बोटानं सफाई केली, आणि तेवढ्यात पुढून गलका उठला. वऱ्हाडातल्या बायका रुखवत बघायला आल्या.

"कनातीमागं थांब, आता मधून जाऊ नको," चांगुणाबाई पुटपुटली. चतुराबाई मागं सरली. कापडाला हातभर फट होती. तिथून तिला सगळं दिसत होतं.

पुढं नवऱ्या मुलाची आई तुळजाबाई होती. उंच, भारी शालू, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्या मागं पंधरा-वीस बायका, आणि बायकांत मुद्दाम घुसलेले नवऱ्याचे मामा अप्पाराव. पोट सुटलेले, फेट्याचा तुरा हलवत थट्टा करणारे गृहस्थ.

"अगं बया, केवढे जिन्नस! कुणी केले, विहीणबाई?"

"आमच्या शिवकन्येच्या हातचं हाय समदं," चांगुणाबाई म्हणाली. "रातंदिस बसून केलंय पोरीनं."

शिवकन्या पाटावर मुंडावळ्या बांधून बसली होती. तिनं मान खाली घातली. ती लाजली असं सगळ्यांना वाटलं. चतुराबाईलाही त्यात वावगं वाटलं नाही. रुखवत नवरीच्या नावानंच मांडतात. आणि कनातीमागं उभ्या उभ्या तिला, खरं सांगायचं तर, गंमत वाटत होती. आता कुणीतरी फसणार.

फसले अप्पाराव. "बघू तर सुनेच्या हातची चव!" म्हणत त्यांनी मोतीचुराचा लाडू उचलला. चांगुणाबाई "अहो मामा..." म्हणेपर्यंत अर्धा लाडू तोंडात गेला होता. दात रुतले. दोनदा चावल्यावर त्यांचे डोळे मोठे झाले. भुसा टाळूला चिकटला, सरस लाळेनं मऊ होऊन दातांत तार धरू लागला. त्यांनी थूः करून सगळं मांडवातच थुंकलं. मिशांवर पिवळी ज्वारी, ओठांवरून लोंबणारा चिकट धागा.

क्षणभर कुणाला कळेना. मग अप्पारावच हसायला लागले. पोट धरून हसले. "अरे तिच्या मारी! मामाला भुसा चारला पोरीनं! तुळजा, लय हुशार सून मिळाली गं तुला!" सगळा मांडव हसला. बोटानं दातातला भुसा काढत ते पुन्हा पुन्हा हसत होते.

तिथं गोष्ट संपली असती. पण तुळजाबाई हसली नव्हती.

"हसता काय?" ती भावाला म्हणाली, आणि मग विहिणीकडं वळली. "मोठ्या माणसाला भुसा खाऊ घालायचा ही कुठली रीत? लग्नाच्या आधीच पोरीचे हे गुण? आम्ही खरं समजून शेजारणींना वाटलं असतं मंग?"

चांगुणाबाईचं तोंड उतरलं. लेकीचं नाव पहिल्याच दिवशी खराब होत होतं. तिनं घाईघाईनं हात हलवले. "न्हाई हो, तिनं न्हाई केलं! बिलकुल न्हाई. पोरीनं हात सुदिक लावला न्हाई. ती भीमनगरच्या मास्तरची बायको हाय ना, चतुरा, तिच्याकडून करून घेतलं. शोभेपुरतं."



अप्पारावांचं हसणं अर्ध्यात थांबलं. दातात घातलेलं बोट तसंच राहिलं. "भीमनगर म्हणजे?" त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं. चेहरा आधी पांढरा पडला, मग हिरवट. ते मागं फिरले, मांडवाच्या खांबाला धरून वाकले आणि भडाभडा ओकले. सकाळचे पोहे, चहा, सगळं. भुसा तोंडात असताना जो माणूस हसत होता, तो बाईचं नाव ऐकून ओकत होता. बायका पदर तोंडाला लावून मागं झाल्या. कुणी पाणी आणा म्हणालं, कुणी गोमूत्र आणा म्हणालं, आणि खरंच एकजण तांब्या घेऊन गोठ्याकडं धावला.

कनातीमागं चतुराबाईला ते सगळं दिसलं. ओकारीचा आंबूस दर्प फटीतून आत आला. पण तिला मान फिरवता येईना. दिसत होतं ते फेट्याखालचं घामट तोंड, लाळ गळणारी हनुवटी, आणि तांब्यातलं पिवळं पाणी तो माणूस डोळे मिटून, मोठ्या श्रद्धेनं, गटागटा तोंडात घेऊन खुळखुळवत होता. म्हशीच्या गोठ्यातून आणलं होतं ते. गायीचंच आहे का, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. किळस येते म्हणजे काय ते चतुराबाईला आजवर सरसानं शिकवलं होतं. आता वाटलं, सरस बरा.

ती कनात बाजूला करून पुढं आली. का आली ते तिला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. बायका बाजूला झाल्या, वाट मोकळी झाली.

"मामा," ती म्हणाली, "चूळ भरून जायचं न्हाई ते. त्यात सरस हाय. मेलेल्या ढोराचं कातडं न् हाडं शिजवून करत्यात तो. आमच्या माणसांनी ते ढोर वढायचं सोडून वीस वर्सं झाली. आमच्या घरात ते कुणाच्या तोंडात जात न्हाई. तुमच्या गेलं, ह्याचं मला वाईट वाटतंय."

आवाज चढला नव्हता. अप्पाराव तांब्या धरून तिच्याकडं पाहत राहिले, तोंडात गोमूत्र असल्यानं त्यांना बोलता येईना. चांगुणाबाई किंचाळली, "हिला कुणी आत घेतलं?" तिनंच घेतलं होतं. चतुराबाईनं पाटाकडं पाहिलं. शिवकन्येची मान खालीच होती. नवरीनं काय बोलावं, चतुराबाई मनात म्हणाली. नवरीला बोलता येत नसतं.

साहेबराव पुढं झाले. ते आदबशीर माणूस. "मास्तरीणबाई, तुम्ही घरी जावा आता," ते म्हणाले. "मागच्या बाजूनं जावा."

"पुढून जाते," चतुराबाई म्हणाली आणि मांडवाच्या मधून चालत बाहेर पडली. कुणी अडवलं नाही. सगळे अंग चोरून उभे होते. अडवायचं तर तिला शिवावं लागलं असतं.

लग्न व्हायचं ते झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मच्छिंद्र मास्तरांनी संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं आणि ढोलकीवर ताल धरल्यासारखी बोटं गुडघ्यावर वाजवत बसले.

"बरोबर बोललीस," शेवटी ते म्हणाले. "पण आता बदली धरून चाल."

"मी माफी मागायची का?"

"कशाची? लाडू खोटा होता, बोललीस ते खरं होतं." ते थोडं हसले. "साहेबराव मारायला माणसं पाठवणार न्हाईत. कागद पाठवतील."

तसंच झालं. गावकऱ्यांच्या सहीचा अर्ज गेला, मास्तर शाळेकडं लक्ष देत नाहीत म्हणून. महिन्याभरात तोंडी कळलं, की जूनपासून अंबडकडं, अंतरवालीच्या शाळेत जायचं. चतुराबाईनं कोनाड्यातली ताटली उचलून बाभळीखाली खड्ड्यात पुरली. जाळायला गेली असती तर वास सुटला असता. साळूबाईनं खड्ड्यावर माती लोटायला मदत केली. "समदंच वंगाळ न्हवतं पोरी," ती म्हणाली. "हात चांगला हाय तुझा." म्हातारीनं केलेलं हे पहिलं कौतुक.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. भीमनगरात विहारापुढं पताका लागल्या, घरोघरी खीर शिजली. चतुराबाईनं तांदूळ तुपावर परतून, आटवलेल्या दुधात वेलदोडा घालून मोठं पातेलं उतरवलं होतं. दुपारी दारात सावली पडली. पाहते तर शिवकन्या. माहेरपणाला आली होती. अंगावर नवी जरीची साडी, हातभर बांगड्या, गालावर सुख. चतुराबाईला एकदम भरून आलं. जी आई बाभळीपुढं आली नाही, तिची लेक उंबऱ्यापाशी उभी होती.

"या, या! कवा आल्ता? बसा."

"बसत न्हाई वहिनी, जल्दीत हाय. आईला न सांगता आले. आईनं आज आमरस केल्ता, दोन पोळ्या जास्तीच झाल्या, उन्हात चालवंना." ती हसली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "वहिनी, एक काम हाय. ते रुकवत सासूबाईंनी जालन्याला नेलं."

"नेलं? कोणतं रुकवत?"

"तुमचंच. मामांचं झाल्यावर त्या म्हणल्या फेकून द्या, पण मंग आपणच गाडीत ठिवलं. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात मांडलंय. येईल त्याला सांगत्यात, आमच्या सुनेनं केलं. तहसील ऑफिसातल्या बायका येऊन बघून गेल्या." शिवकन्येच्या आवाजात थोडा अभिमान होता. "आता नणंदेच्या साखरपुड्याला दुसरं ताट पाहिजे. मला करायला लावलं. माझे पेढे चिरतेत. तुम्ही करून द्या ना. फक्त सरस नका घालू, सासूबाई म्हणल्या. दुसरं कायतरी घाला. न् कुणाला कळायचं न्हाई, मी रात्रीच्या गाडीनं घिऊन जाईन."

चतुराबाईला राग यायला हवा होता, पण आधी आली ती एक मऊ, ओली शिसारी, जिभेवर बुरशी लागल्यासारखी. चांगुणाबाईची कधी इतकी आली नव्हती. चांगुणाबाईनं कधी बोटांत बोटं अडकवून हसून दाखवलं नव्हतं.

"मी सोडलं ते काम," ती म्हणाली.

"असं काय करता? एकच ताट. तुम्हाला काय खर्चा येईल तो..."

"शिवकन्या, तुमच्या सासूबाईंना म्हणावं, ज्यांना ओकारी आली त्यांच्याकडून करून घ्या." मग तिला वाटलं, फार बोलले. पोर आहे, दारात आली आहे, सण आहे. तिनं आत जाऊन वाटी भरली, वर काजूचा तुकडा ठेवला आणि घासलेल्या स्टीलच्या ताटलीत ठेवून बाहेर आणली. "हे घ्या. आज बुद्धपौर्णिमा हाय. खीर हाय, खरी."

शिवकन्येनं वाटीकडं पाहिलं. वाफ वर येत होती. तिचा हात थोडा उचलला गेला, बांगड्या वाजल्या, आणि हात परत पदराशी गेला.

"वहिनी, आज पुनव ना," ती म्हणाली. "माझा उपास हाय."

आमरसाचा पिवळा डाग तिच्या ओठाच्या कोपऱ्यात वाळलेला होता. तिला ते ठाऊक नव्हतं.

"बरं," चतुराबाई म्हणाली.

शिवकन्या थोडं थांबली, मग "येते" म्हणून उन्हातून झपझप निघून गेली. भीमनगराच्या टोकाला पोचल्यावर तिनं साडीच्या निऱ्या झटकल्या, धूळ लागली असावी.

आतून साळूबाईनं विचारलं, "कोन आल्तं गं?"

"साहेबरावांची शिवकन्या."

"काय खाल्लं का तिनं?"

"उपास हाय म्हणाली."

चतुराबाई उंबऱ्यावर बसली. वाटी मांडीवर होती. काजूचा तुकडा खिरीत बुडत चालला होता. तिला खायची इच्छा नव्हती. जिभेवरची ती बुरशी अजून होती, आणि ती राखेनं घासून जाणारी नव्हती हे तिला कळलं होतं. पण दूध चांगलं होतं, वेलदोडा जालन्याहून आणला होता, तांदूळ तिनं स्वतः निवडला होता. तिनं बोटानं वाटी स्वतःकडं ओढली आणि पहिला घास घेतला. तिनं तो गिळला. मग दुसरा घेतला.